मराठी कॉपी करायचं राहिलं

ऑपरेशननंतर बाबा मला चमच्याने हाक मारायचे. स्टीलच्या ग्लासवर तीन ठोके म्हणजे ये. त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. गळ्याला भोक, भोकात नळी आणि नळीवर मलमलचा ओला तुकडा. कात्रपमधलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यामुळे त्या ठोक्यांपासून लांब जायला जागाच नव्हती. बाथरूमचा नळ पूर्ण सोडला तरी ते ऐकू यायचे.

साल सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव. मी सत्तावीस वर्षांची, लग्न न झालेली, घरी बसून मराठी टायपिंगची कामं करणारी. शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, लग्नाचे बायोडेटा. दुसऱ्यांचे बायोडेटा मी इतके सुबक करायचे की शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, स्वतःचा कधी करणार?" मी सांगायचे, "प्रिंटर बिघडलाय." प्रिंटर तेव्हा खरंच बिघडलेला होता, दर महिन्याला बिघडायचा.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. तिचा चेहरा मला फोटोतूनच माहीत, तोही लग्नातला, पदराने निम्मा झाकलेला. बाबांना तिच्याविषयी विचारलं की एकच उत्तर यायचं, "चांगली होती." चोवीस वर्षं मी त्या दोन शब्दांवर काढली. लहानपणी वाटायचं, मोठी झाले की सांगतील. मोठी झाले तेव्हा विचारायचंच सोडलं.

मग घशाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं की जीव वाचेल, आवाज जाईल. घरी आल्यावर बाबा चपला काढता काढता म्हणाले, "बाय, कंप्युटर लाव. तुझ्या आयचं सांगतो."

बाबा मला 'बाय' म्हणायचे. आमचं गाव बारवी धरणाच्या बाजूचं, आणि तीस वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथ चालवूनही त्यांची गावची बोली तशीच राहिली होती. त्यांना ळ नव्हता आणि ण नव्हता. पाण्याला पानी, शाळेला शाला. शाळेत असताना मी त्यांना मुद्दाम 'बाळ' म्हणायला लावायचे आणि ते मुद्दाम 'बाल' म्हणायचे.

टेपरेकॉर्डर लावून पाहिला. बटण दाबलं की बाबा गप्प. म्हणाले, "हा घोगरा आवाज कशाला ठेवतेस?" शेवटी मी टाइप करायचं ठरलं. त्यांनी एक अट घातली. आता वाचायचं नाही. ऑपरेशन होऊन ते घरी आले की वाचायचं.

तुम्ही म्हणाल, स्वतः टाइप केलं म्हणजे कळलंच असणार. नाही. मी टायपिंग शिकले उल्हासनगरच्या एका क्लासमध्ये, ठोकळ्यासारख्या जुन्या मराठी टाइपरायटरवर. तिथल्या बाई हातांवर रुमाल टाकायच्या, म्हणजे बोटांकडे पाहता येऊ नये. त्यांचं सांगणं ठरलेलं असायचं, "अर्थ वाचायचा नाही. अर्थाच्या मागे लागलात की स्पीड मेला." मी त्यांची आवडती विद्यार्थिनी होते. शब्द कानातून आत यायचे आणि परस्पर बोटांतून बाहेर पडायचे, मधे मी नसायचे. त्या तीन आठवड्यांत मी याच कलेच्या आडोशाला बसले. ऐकलं असतं तर रडले असते, आणि बाबांसमोर मला रडायचं नव्हतं. बावीस पानं झाली. आई त्या बावीस पानांत होती आणि मला त्यांतलं एक वाक्य सांगता आलं नसतं.

बाबा घरी आले आणि पुढचा महिना नळी साफ करणं, वाफ देणं, पातळ करून भरवणं यात गेला. माझं बाहेर जाणं बंद झालं. काकू अर्धा तास बसल्या तर भाजी आणायची, तेवढंच. मला घुसमटायला व्हायचं. खिडकीच्या ग्रिलशी उभी राहून खाली रिकाम्या हाताने चालणाऱ्या बायकांचा हेवा करायचे. बाबांवर राग यायचा आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची. वाचायचं आहे, हे लक्षात होतं. पण वाचायला बसायचं म्हणजे रडायला मोकळं व्हायचं, आणि माझी पाठ बाबांच्या खाटेपासून हातभर अंतरावर असायची.

त्यातच कंप्युटरने मान टाकायला सुरुवात केली. चालू व्हायला पाव तास घ्यायचा, मधेच गोठायचा. माउस हलायचा नाही की काही नाही. तेव्हा मला त्याची कीव यायची, आम्ही दोघंही जागच्या जागी अडकलो होतो. मी उल्हासनगरला फोन लावला.

कंप्युटर घेतला होता उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून, एका सिंधी दुकानदाराकडून. पन्नाशीचा गृहस्थ, आधी टाइपरायटरच्या रिबिनी विकायचा, जमाना बदलल्यावर सुटे भाग जोडून कंप्युटर बनवू लागला. सगळे त्याला साईं म्हणायचे. मशीन देताना त्याने अभिमानाने सांगितलं होतं, "बेटी, इसमें मराठी डाल के दिया है. पूरा मराठी." मीही काकूंना तसंच सांगितलं होतं, आमच्या कंप्युटरमध्ये मराठी टाकलंय. गॅसच्या टाकीत गॅस असतो तसं मशीनमध्ये मराठी असतं, यापुढे माझी अक्कल गेली नव्हती.

साईं फोनवर म्हणाला, "सिस्टिम गेली. फॉरमॅट मारावा लागेल. परसों येतो. तोपर्यंत डाटा काढून ठेव, सब. फॉरमॅटच्या बाद भगवान भी वापस नहीं लाएगा."

ते दोन दिवस मी मन लावून बॅकअप घेतला. दहा फ्लॉप्यांचा नवा डबा आणला. प्रश्नपत्रिका एका फ्लॉपीवर, नोटिसा दुसरीवर, बायोडेटा तीन फ्लॉप्यांवर, लग्नाळूंची संख्याच तेवढी होती. मशीन मधेच गोठायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. बाबांची बावीस पानं मी तीन वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर घेतली. पहिली कपाटात. दुसरी तांदळाच्या डब्यामागे. तिसरी काकूंच्या देवघरात, कारण त्यांच्याकडे टीव्ही दुसऱ्या खोलीत होता आणि फ्लॉपीला टीव्हीतल्या चुंबकाची भीती असते असं मी वाचलं होतं. बाबा खाटेवरून सगळं बघत होते. मी लेबलवर 'बाबा' लिहिलं आणि त्यांना दाखवलं. "तुमचं सगळं नीट ठेवलंय," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

साईं आला, घामाने निथळत तीन मजले चढून. बाबांना हात जोडले, पाणी प्याला आणि कामाला बसला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, सगळं पुसून टाकू का? त्याने खुर्ची मागे सरकवली. "ये मैं नहीं दबाता. ज्याचा माल, त्याने दाबायचं. सब लिया ना?"

"सगळं घेतलं. तीन कॉप्या."

मी वाय दाबला.

नवी सिस्टिम बसायला संध्याकाळ झाली. साईंने बायोडेटाची एक फ्लॉपी घालून पाहिली, यादी दिसली, फाइलींची इंग्रजी नावं दिसली, तो खूश झाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना वाफ देऊन झाल्यावर मी त्यांची फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती. शब्द नव्हेत, नुसती अक्षरं. सी, के, मग सेमीकोलन. मधेच प्रश्नचिन्ह, मधेच फुलस्टॉप, मधेच मोठा झेड. बावीस पानं तशीच. कपाटातली फ्लॉपी काढून तांदळामागची घातली. मग काकूंकडची. तिन्हींवर तेच. तीन ठिकाणी जपून ठेवलेला तोच कचरा.

तेव्हा मला कळलं की मी सगळं कॉपी केलं होतं आणि मराठी कॉपी करायचं राहिलं होतं. मराठी अक्षरांचा फॉन्ट म्हणून वेगळी गोष्ट असते. ती माझ्या कागदांत नसते, सिस्टिमच्या पोटात असते. सिस्टिम पुसली तशी तीही पुसली गेली. इंग्रजीत काम करणाऱ्या कुणाला हे कधी सुचलंही नसतं, त्यांचं इंग्रजी कुठे जात नाही.

मागे ग्लास वाजला, तीन वेळा. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, बोलण्यासाठी आणलेल्या पाटीवर दोन-तीन शब्दांच्या वर लिहीत नसत. पाटीवर लिहिलं होतं, 'वाचलं?'

मी म्हणाले, "वाचतेय."

काकूंना बसवून मी उल्हासनगर गाठलं. साईंने डोक्याला हात लावला. मग खण उपसून तीन फ्लॉप्या काढल्या. "मराठी है ना. तीन मराठी हैं माझ्याकडे. तुझी कोनती?"

"तुम्हीच तर टाकली होती."

"अरे, वो तर प्रेसवाल्या दोस्ताकडून आणली होती. वो प्रेस बंद करून गाव गेला." तो कळवळून म्हणाला, "मराठी तो तुम्हारी है बेटी. नाव सांग ना."

मला नाव माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या अक्षरांत पोट भरलं आणि त्यांचं नाव कधी पाहिलं नव्हतं. तिन्ही फॉन्ट घरी आणून लावले. आता पडद्यावर मराठी अक्षरं आली, पण शब्द वेड लागल्यासारखे. प्रत्येक फॉन्टने अक्षरं आपापल्या मर्जीने वाटलेली. आधीचा इंग्रजी कचरा निदान वेडावून दाखवत नव्हता. मी तिन्ही काढून टाकले.

चौथ्या दिवशी पाटीवर पुन्हा तेच, 'वाचलं?' मला खरं सांगता आलं नाही. माणसाने आवाज जायच्या आधीचं सगळं बोलणं माझ्या हवाली केलं होतं. ते मी स्वतःच्या बोटाने पुसलं हे कोणत्या तोंडाने सांगू?

"हो," मी म्हणाले. "वाचलं."

त्यांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि लिहिलं, 'मग?'

म्हणजे आत काहीतरी विचारलेलं होतं आणि त्याला उत्तर हवं होतं. "छान आहे," मी म्हणाले. "छान सांगितलंत."

त्यांनी पाटी पुसली, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. मग ती उशीखाली ठेवली. त्यानंतर आठवडाभर त्यांनी पाटी काढली नाही. ग्लास वाजायचा, तोही अगदीच गरजेला. वाफ दिली की ते डोळे मिटून घ्यायचे. आपण काहीतरी नाकारून बसलोय हे मला कळत होतं. काय नाकारलंय ते कळत नव्हतं. घरात आम्ही दोघंच, हातभर अंतरावर, आणि मला त्या खोलीत श्वास घेता येईना. बाबांसाठी वाफ काढायचे, पण खिडकी उघडून उभी मी राहायचे.

शेवटी एका दुपारी ठरवलं की तोंडाने जमत नसेल तर लिहून द्यावं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी कंप्युटर लावला, कोरं पान घेतलं आणि सवयीने, न बघता, 'बाबा' असं टाइप केलं. मराठी गेलं हे कबूल करायला मी मराठीतच टाइप करायला बसले होते. वर पाहिलं तर पडद्यावर सी, के, सी, के.

आधी हसू आलं. मग आठवलं की बाबांची फाइल सी, के नेच सुरू होते. सी, के, सेमीकोलन. 'बा' आणि पुढे एक अक्षर. सेमीकोलनवर उजवी करंगळी जाते. डोळे मिटून करंगळी ठेवली. आपोआप तोंडून निघालं, "य."

बाय.

इतके दिवस मी डोळ्यांनी वाचत होते. इंग्रजीतला कुठला सी म्हणजे कुठला ब, हे मला माहीतच नव्हतं, कारण बाईंनी ते बघू दिलं नव्हतं. ते बोटांना माहीत होतं. मशीनमधली मराठी पुसली गेली होती, बोटांतली होती तशीच होती.

फाइल उघडली. पडद्यावरचं अक्षर बघायचं, कीबोर्डवर ते हुडकून योग्य ते बोट ठेवायचं आणि तोंडाला काय सुचतं ते ऐकायचं. व्ही, के, सेमीकोलन म्हणजे आय. प्रश्नचिन्ह, के, जे म्हणजे घर, कारण टाइपरायटरवर घ अर्धाच असतो, काना लावला की पुरा होतो. बावीस पानांत प्रत्येक घर प्रश्नचिन्हाने सुरू होत होतं. पहिल्या पानाला तासभर लागला. एका शब्दावर मी अडले. आय, के, यू, एच. उजव्या हाताची चार अक्षरं. मला वाटलं पाणी असावं. पण पाणी असेल तर मधे अनामिका फुलस्टॉपवर जायला हवी, ण तिथे असतो. अनामिका गेलीच नाही. मग लक्षात आलं की बाबा 'पानी' म्हणतात, आणि बोटांनी ते न सुधारता तसंच घेतलं होतं. मी ते मोठ्याने म्हटलं, त्यांच्यासारखंच, "पानी." आणि रडायला लागले. पाठीमागे ते आहेत याची मला पर्वा राहिली नाही.

नंतर वेग आला. मी मोठ्याने वाचत गेले, कारण तोंडातून काढल्याशिवाय कळतच नव्हतं. आईला हसताना तोंडावर उलटा हात धरायची सवय होती. तिला चिंच मिठाशिवाय आवडायची. लग्न होऊन अंबरनाथला आली तेव्हा बंद दाराच्या खोलीत तिला झोप येईना, म्हणून पहिला महिनाभर दोघं दार उघडं टाकून झोपले आणि शेजारचे हसले. माझ्या तोंडून ळ गेले, ण गेले. मधे कधीतरी खाट करकरली. बाबा उठून बसले होते. मी आता वाचतेय, आधी वाचलं नव्हतं, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. ग्लास वाजला नाही. मीही मागे वळले नाही.

काकू दिवाबत्तीला उठल्या असतील, घंटी ऐकू आली, तेव्हा मी शेवटच्या पानावर होते. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशीचं पान.

"बाय, तुझी आय तुला निरालंच नाव घेऊन हाक मारायची. ती गेल्यावर मी ते नाव कधी काडलं नाय. आलं की घशात अडकायचं. आता घसाच काडतायत, म्हनून सांगतो. तुला चालत असंल तर घरी आल्यावर मी तुला पाटीवर त्या नावानं बोलवीन. नको असंल तर नको. मी मंग परत इचारनार नाय."

पुढे ते नाव होतं. दोन अक्षरांचं. मी ते इथे लिहीत नाही. बोटं ठेवली, पण बोलायला तोंड धजेना. चोवीस वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं.

एका माणसाने विचारलं होतं, तुझी आई तुला ज्या नावाने हाक मारायची, त्या नावाने मी मारू का? आणि मी उत्तर दिलं होतं, छान आहे.

मी वळले. बाबा खाटेच्या कडेला बसले होते, पाय खाली, पाटी मांडीवर. कोरी होती. "मी खोटं बोलले," मी म्हणाले. "मराठी गेलं होतं, बाबा. मी वाचलंच नव्हतं. आज वाचलं." त्यांनी हात वर केला, कळलं म्हणून. मी म्हणाले, "लिहा ना."

त्यांनी पेन्सिल उचलली, पाटीवर टेकवली. मग ठेवून दिली. मान वर केली आणि माझ्याकडे बघत ओठ हलवले. एकदा मिटले, एकदा उघडले. नळीतून नुसती हवा गेली, मलमलचा तुकडा हलला. आवाज काहीच आला नाही.

मी ओ दिली.